ग्लोरियापासून चार हात लांब

फेअरमिल हे न्यू जर्सीतलं, पार्सिपनीहून गाडीने थोडंसं पुढचं गाव. तिथल्या मेयर ग्लोरिया बेनेडेट्टी यांनी जानेवारीत जाहीर केलं, की यंदा आपण निवडणूक लढवणार नाही. तीन टर्म झाल्या, आता बागेत टोमॅटो लावणार. गावात त्यांच्याच पक्षाचा जोर, त्यामुळे जूनमधली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारी निवडणूक, जो जिंकेल तोच पुढे मेयर होणार हे जवळपास ठरलेलं. या प्रायमरीला तिघं उभे राहिले. आणि तिघांनीही पहिल्या दिवसापासून ग्लोरियाला ओळखत नसल्यासारखं वागायला सुरुवात केली.

कारण होतं स्टेशनजवळचं सर्कल. तिथला जुना सिग्नल काढून ग्लोरियाने मधोमध गोल बेट बांधलं, त्यात फुलझाडं लावली आणि गाड्यांना त्याभोवती फिरायला लावलं. आधी कुणी जायचं हे कुणालाच कळेना. सकाळी न्यूयॉर्कची ट्रेन गाठायला निघालेले लोक हॉर्न वाजवत त्या फुलझाडांभोवती फिरायचे आणि फिरता फिरता ग्लोरियाच्या नावाने खडे फोडायचे. गावच्या फेसबुक ग्रुपवर दुसरा विषयच उरला नव्हता.

तिघांपैकी एक होती उपासना रामटेके. जन्म इथलाच. आईवडील नागपूरचे. बाबा शैलेंद्र औषध कंपनीतून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले आणि आई नंदा अजून गावच्या लायब्ररीत कामाला जाणारी. उपासना स्वतः फार्मसिस्ट. मेन स्ट्रीटवरच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून ती अर्ध्या गावाचं ब्लड प्रेशर सांभाळायची. चार वर्षांपूर्वी ग्लोरिया याच काउंटरवर खोकल्याचं औषध घ्यायला आली होती आणि औषधाबरोबर उपासनालाही घेऊन गेली. "तू लोकांचं ऐकून घेतेस. गावच्या कौन्सिलला उभी राहा," असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन हजर. उपासना निवडून आली. आता ती मेयरपदाला उभी होती, आणि तिच्या प्रचाराच्या एकाही कागदावर ग्लोरियाचं नाव नव्हतं.

हा नियम नकुलचा. नकुल तिचा कॉलेजातला मित्र, जॉर्जियातल्या अल्फारेटाचा. तिकडे एक-दोन प्रचार सांभाळून झाल्यावर मैत्रीखातर तो इथे येऊन रामटेक्यांच्या बेसमेंटमध्ये मुक्काम ठोकून होता.

"आपण तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही," तो म्हणाला. "चांगलंही नाही. पण फोटो एकसुद्धा नको. टॉड तुझा तिच्यासोबतचा एक फोटो घरोघरी टपालाने जाणाऱ्या मेलरवर छापेल आणि गेम ओव्हर."

टॉड ब्रेनन हा डेप्युटी मेयर. ग्लोरियाच्या उजव्या हाताला आठ वर्षं बसलेला. आता तो दारोदार जाऊन सांगत होता, की सर्कलबद्दल आपल्या मनात पहिल्यापासून शंका होती. तिसरी उमेदवार मोना कापडिया, घरं विकणारी. ती म्हणायची, गिऱ्हाईक घर बघायला येतं ते सर्कलमध्येच अडकतं, दारापर्यंत पोचतच नाही.

सगळं नकुलच्या मनासारखं चाललं होतं. एप्रिल आला आणि घोळ झाला.

गावातल्या आणि आसपासच्या बौद्ध कुटुंबांची आंबेडकर जयंती दरवर्षी टाउनशिपच्या हॉलमध्ये व्हायची. एडिसनपासून लोक यायचे. आयोजनात शैलेंद्र पुढे. जयंतीच्या आठवडाभर आधी जेवताना ते सहज म्हणाले, "ग्लोरियाचा फोन आला होता. येतेय ती. प्रमुख पाहुणी."

नकुलचा घास हातात राहिला. "काका, यंदा दुसरं कुणी नाही का? जज, प्रोफेसर, कुणीही चालेल."

"दुसरं कशाला? दरवर्षी तीच येते."

"बाबा," उपासना म्हणाली, "त्या स्टेजवर मी पण असणार आहे. शंभर फोन असतील. सगळे फोटो काढणार."

"काढू दे. छानच येतात तुझे फोटो."

"बाबा, सीरियसली."

शैलेंद्रनी वरणाची वाटी खाली ठेवली. "तू निवडणूक लढव. तुला जे बोलायचं ते बोल, मी मधे येणार नाही. पण मी बोलावलेल्या पाहुणीला येऊ नका म्हणून फोन करणार नाही. ते तू कर, जमत असेल तर."

तिला जमलं नाही. फोन हातात घेऊन ती बराच वेळ बसली आणि शेवटी तिने तो चार्जिंगला लावला.

जयंतीच्या दिवशी हॉल पांढऱ्या साड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेला. बुद्धवंदना झाली, लहान मुलांची इंग्रजीतली भाषणं झाली. ग्लोरिया निळा कोट घालून आली होती. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. आल्या आल्या ती प्रत्येकाला हात जोडून "जय भीम" म्हणत सुटली.

आणि नकुल उपासनाला तिच्यापासून लांब, इकडून तिकडे पळवत होता. ग्लोरिया डावीकडे आली की उपासना उजवीकडे. ग्लोरिया आंबेडकरांच्या फोटोला हार घालायला पुढे झाली, की उपासनाला अचानक पार्किंगमध्ये कुणालातरी घ्यायला जायचं असायचं. प्रमुख पाहुणीचा सत्कार जाहीर झाला आणि शैलेंद्रनी माइकवरून "उपासना, शाल घेऊन ये गं," म्हटलं, तेव्हा उपासना मागच्या किचनमध्ये पोचली होती आणि कुणीही सांगितलेलं नसताना काकड्या कापत होती.

शाल नंदाने दिली. टाळ्या वाजल्या. थोड्या वेळाने किचनचं दार उघडलं आणि खांद्यावर शाल घेतलेली ग्लोरिया आत आली.

"किती काकड्या कापणार आहेस?" तिने विचारलं.

उपासनाने खाली पाहिलं. दीडशे माणसांना पुरून उरेल एवढी कोशिंबीर झाली असती. "सॉरी," ती म्हणाली. "मला तुम्हाला टाळायचं नव्हतं."

"टाळायचंच होतं. मला त्याचं काही नाही. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मीसुद्धा जुन्या मेयरला असंच टाळलं होतं. पण तुला ते नीट येत नाही. टॉड बघ. समोरून येतो, हसतो, हात मिळवतो आणि फोटोवाला दिसला की हवेत विरून जातो. तू मात्र चोरी केल्यासारखी पळतेस."

उपासनाला हसू आलं आणि रडूही. ग्लोरियाने एक काकडीची फोड तोंडात टाकली.

"एकच गोष्ट मला लागली," ती जरा हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज उपासनाने पहिल्यांदाच ऐकला. "तिघांची पत्रकं वाचली मी. शिव्या आहेत, पण त्यातही माझं नाव नाही. 'सध्याचं प्रशासन'. मी काय प्रशासन आहे का? बारा वर्षं या गावात राबले. निदान शिवी तरी नाव घेऊन द्या."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि जेवणाच्या रांगेत उभी राहिली.

संध्याकाळी घरी भांडी आवरताना उपासनाने आईला सगळं सांगितलं. नंदाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याला तो हॉल कसा मिळाला, माहीत आहे का तुला?"

"टाउनशिपचा आहे ना. बुक करायचा."

"आता बुक करायचा. तेव्हा तू लहान होतीस. आम्ही आधी इथल्या आपल्याच मराठी लोकांच्या असोसिएशनकडे गेलो होतो. म्हटलं, तुमच्या हॉलमध्ये एक दिवस जयंती करू द्या. ते म्हणाले, वेगळं काहून पाहिजे तुम्हाला? दिवाळी आहे की सगळ्यांची. गोड बोलले, चहा पाजला आणि नाही म्हणाले." नंदा पातेलं पुसत होती. ते पुसून झालं तरी पुसतच राहिली. "तुझे बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाउनशिपमध्ये गेले. ग्लोरिया तेव्हा साधी कौन्सिलवाली होती. तिने विचारलं, ज्यांची जयंती ते गृहस्थ कोण? बाबांनी सांगितलं. तासभर. तुला माहीत आहे ना, बाबा सुरू झाले की. तिने सगळं ऐकलं आणि किल्ली दिली. पहिल्या जयंतीला आम्ही वीस माणसं होतो. ती एकविसावी. सगळी भाषणं मराठीत, तरी शेवटपर्यंत बसली."

"मला हे कधीच सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? ती तर आपली ग्लोरिया आहे."

त्या आठवड्यात एका दुपारी उपासना नकुलला न सांगता ग्लोरियाच्या घरी गेली. ग्लोरिया मागच्या अंगणात गुडघ्यावर बसून रोपांना काठ्या बांधत होती.

"मी जाहीर सांगणार आहे, की मी तुमच्या बाजूची आहे," उपासना म्हणाली. वाटेत गाडीत तिने हे वाक्य बरेचदा म्हणून पाहिलं होतं.

"अजिबात सांगू नकोस," ग्लोरिया म्हणाली. "कारण तू नाहीस. कौन्सिलमध्ये किती वेळा माझ्या विरोधात मत दिलंस! मला चेले नकोत, उपासना. तुला माझ्याहून वेगळं व्हायचं असेल तर खऱ्या गोष्टीवरून हो. सर्कलवरून नको. सर्कल बरोबर आहे."

"मग कशावरून?"

ग्लोरियाने हातमोजे काढले आणि बागेतल्या खुर्चीवर बसली.

"क्वारी रोड," ती म्हणाली.

क्वारी रोडला गावातल्या अपार्टमेंट्स होत्या. नवीन आलेली कुटुंबं तिथे राहायची. तिथून दुकानांपर्यंतच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. मुलं, भारतातून नातवंडांकडे आलेले आजीआजोबा, बाळांचे स्ट्रोलर ढकलणाऱ्या आया, सगळे रस्त्याच्या कडेने, गाड्यांना अंग चोरत चालायचे.

"मेयरच्या पहिल्याच निवडणुकीत मी तो फूटपाथ करीन म्हटलं होतं," ग्लोरिया म्हणाली. "पण त्या रस्त्याला मोठाली घरं आहेत. त्यांच्या लॉनची पट्टी गेली असती. ती सगळी माझी मित्रमंडळी. माझ्या पार्टीला येणारी. त्यांनी कुरकुर केली आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. मग पुढच्या वर्षी. सर्कलला फीत कापता येते, फोटो येतो. फूटपाथची फीत कोण कापतं? तिथे मार मला. लागेल. लागायलाच हवं."

ग्लोरियाने तिच्या हातात टोमॅटोचं एक रोप ठेवलं. "नंदाला दे. आणि हो, तुझ्या त्या प्रचारवाल्या पोराला सांग, की मेलरचा निळा रंग फार फिका आहे."

घरी आल्यावर नकुलने सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "तू तिच्या घरी गेलीस? दिवसाढवळ्या? गाडी ड्राइव्हवेमध्ये लावून?"

"मग काय, झाडावर लावू?"

"यार उपासना, डिबेटमध्ये तिचं नाव घेतलंस तर सर्कलवर चिडलेले सगळे तुझ्यावर तुटून पडतील."

"पडू दे. नकुल, मी क्वारी रोडवर चालून आले येताना. एक आजी भेटल्या, अमरावतीच्या. मुलाकडे आल्यात. म्हणाल्या, दोन महिने झाले, घराबाहेर पडायची भीती वाटते. मी याच्याबद्दल बोलणार. आणि बोलायचं तर ग्लोरियाचं नाव घेऊनच."

नकुलने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "ओके. पण मग नीट बोलायचं. बस इथे."

डिबेट मे महिन्यात फायर हाऊसच्या हॉलमध्ये झाली. आगीचे लाल बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्यांत मागच्या रांगेत, दाराजवळ, नंदा, शैलेंद्र आणि त्यांच्या शेजारी ग्लोरिया. ती गप्प बसणार आहे असं तिने शैलेंद्रना वचन दिलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ज्याची सगळे वाट बघत होते तो प्रश्न विचारला: "सध्याच्या मेयरच्या कामाबद्दल तुमचं मत काय?"

टॉडने टाय सारखा केला. "मागे बघण्यात अर्थ नाही. सध्याच्या प्रशासनाचे काही निर्णय मला पटले नव्हते. आता पुढे जायची वेळ आहे." टाळ्या पडल्या.

मोनाने आपला गिऱ्हाइकाचा किस्सा सांगितला. हशा पिकला.

उपासना उभी राहिली.

"मेयरना नाव आहे," ती म्हणाली. "ग्लोरिया बेनेडेट्टी. मला राजकारणात त्यांनी आणलं. माझ्या आईवडिलांना आपल्याच माणसांनी दार लावलं, तेव्हा ग्लोरियाने या गावाच्या हॉलची किल्ली दिली. ते मी लपवणार नाही. आणि सर्कलबद्दल विचाराल, तर तिथल्या जुन्या सिग्नलला दरवर्षी ॲम्ब्युलन्स यायची. आता हॉर्न ऐकू येतात, ॲम्ब्युलन्स नाही. मला हॉर्न चालतील."

हॉलमध्ये "बू" असा आवाज झाला. चांगला मोठा झाला. पुढच्या रांगेत नकुलने डोळे मिटून घेतले.

"आता ग्लोरिया कुठे चुकल्या ते सांगते," उपासना म्हणाली, आणि बू थांबलं. "क्वारी रोड. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तिथे फूटपाथ करायचा शब्द दिला. तो पाळला नाही, कारण ज्यांच्या लॉनला धक्का लागणार होता ते त्यांच्या ओळखीचे होते, आणि जे रस्त्याच्या कडेने चालतात ते नव्हते. ही चूक होती. छोटी नाही. मी निवडून आले तर पहिलं काम तो फूटपाथ. ज्यांचं लॉन जाईल ते माझ्यावर रागावतील. त्यांनी खुशाल रागवावं."

मग मागून आवाज आला, माइकशिवाय, भिंतीवरच्या हेल्मेटांपर्यंत पोचणारा: "बरोबर! अगदी बरोबर!"

सगळ्यांनी माना वळवल्या. ग्लोरिया उभी राहिली होती. शैलेंद्र तिचा कोट ओढून तिला खाली बसवायचा प्रयत्न करत होते.

"मॅडम मेयर, प्लीज," सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "प्रश्नोत्तरं नंतर आहेत."

"बसते, बसते. पण टॉड, सोन्या, तुला सर्कल पटलं नव्हतं? उद्घाटनाला कात्री तू आणलीस! घरून!"

हॉल असा हसला की टॉडसुद्धा हसला. तो हसला हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लालबुंद झाला, मान हलवली आणि माइकमध्ये म्हणाला, "कात्री माझ्या बायकोची होती." त्यावर आणखी हशा. बू करणाऱ्यांतला एक दांडगा माणूस डोळे पुसत होता. नंदा शैलेंद्रना कोपराने ढोसत म्हणाली, "सोडा ना तिचा कोट, फाटेल."

डिबेटनंतर मतं कुठे वळली हे नकुललाही सांगता येईना. फोनवर काही लोक उपासनाला म्हणाले, सर्कलची बाजू घेतलीस, आता मत नाही. काही म्हणाले, सर्कल गेलं खड्ड्यात, पण तू स्पष्ट बोललीस. क्वारी रोडच्या अपार्टमेंट्समध्ये मात्र ती ज्या दारावर जाई तिथे आधी चहा यायचा, मग बाकीचं बोलणं. तिथल्या नव्या नागरिकांपैकी बऱ्याच जणांनी प्रायमरीत कधी मत दिलंच नव्हतं. शैलेंद्रनी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ते तिथे जाऊन नोंदणी कशी करायची, मत कुठे द्यायचं हे समजावत बसायचे. कुणाला दोन मिनिटांत सोडायचे नाहीत. मताच्या अधिकाराचा विषय निघाला की तासभर. नकुलने एकदा त्यांना परत आणायला गाडी काढली आणि स्वतःच ऐकत बसला.

मतदानाच्या दिवशी मोना तिसरी आली. उपासना आणि टॉड यांच्यात थोडाच फरक पडला, पण पडला तो उपासनाच्या बाजूने. रामटेक्यांच्या गॅरेजमध्ये एडिसनच्या ओक ट्री रोडवरून आणलेल्या समोशांचे ट्रे होते, ढोल वाजवणारे दोन कॉलेजकुमार होते आणि नाचणाऱ्यांत सगळ्यांत पुढे, कुणाला न सापडणाऱ्या तालावर, शैलेंद्र होते. ग्लोरिया आली, नंदाच्या गळ्यात पडली आणि या वेळी उपासना कुठेही गेली नाही. तिने आईला आणि ग्लोरियाला दोन्ही बाजूंना घेतलं आणि नकुलच्या हातात फोन दिला. नकुलने फोटो काढला, मग आणखी एक काढला, कारण पहिल्यात ग्लोरियाचं तोंड बोलता बोलता उघडं राहिलं होतं. दुसऱ्यातही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना नेहमीसारखी दुकानात उभी होती. घसा बसलेला, पाय सुजलेले. लोक येत होते, अभिनंदन करत होते आणि लगेच आपापली प्रिस्क्रिप्शनं पुढे सरकवत होते. दहाच्या सुमारास टॉड आत आला. डोळे लाल, नाक वाहतंय. क्षणभर तिला वाटलं, हा रात्रभर रडला की काय.

"पोलनची ॲलर्जी," तो म्हणाला. "दर जूनला. काहीतरी दे, ज्याने झोप येणार नाही."

तिने शेल्फवरून खोका काढून दिला. गोळी कधी घ्यायची ते सांगितलं. टॉड खोका हातात फिरवत तिथेच उभा राहिला.

"हरलो मी," तो शेवटी म्हणाला. "आणि खरं सांगू? बरं वाटलं. तीन महिने मी असा माणूस असल्यासारखा बोलत होतो, जो मी नव्हतो. फार दमवणारं काम आहे ते." त्याने नाक पुसलं. "नोव्हेंबरची निवडणूक बाकी आहे. तुला दारोदार फिरायला माणसं लागतील?"

"लागतील की. शनिवारी सकाळी निघतोय. आईने सगळ्यांसाठी पोहे करायचं कबूल केलंय."

"पोहे म्हणजे?"

"ये, कळेल," उपासना म्हणाली आणि मागे ताटकळलेल्या म्हातारबुवांचं प्रिस्क्रिप्शन घ्यायला तिने हात पुढे केला.